ते सीताफळच होतं

पोस्टाच्या खिडकीत बसलेला मुलगा नवीन होता. गळ्यात ओळखपत्र, समोर वजनकाटा, चेहरा अजून कॉलेजातलाच. मी पाकीट पुढे सरकवलं. जाड होतं. वीस ग्रॅमच्या वर जाणार आणि पाच रुपयांचं तिकीट पुरणार नाही, एवढा अंदाज आता हातालाच येतो, तरी मी काट्यावर ठेवून घेते. त्याने पत्ता वाचला. देवरूख, जिल्हा रत्नागिरी. "काकू, स्पीड पोस्ट करून टाकू का? लवकर पोचते. कुठवर गेलं ते मोबाइलवर दिसते पण." म्हटलं, नको रे, साधंच जाऊ दे, काही घाई नाही. त्याने पाकीट हातात तसंच धरून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी निरागसपणे विचारलं, "घाई नाही तं मंग पाठवता कायले?"

रांगेत मागे उभा असलेला माणूस खुदकन हसला. मलाही हसू आलं. टेबलावरच्या डिंकाच्या डबीतली काडी नेहमीसारखी कडक झालेली होती, तीच घासून तिकीट चिकटवलं, पाकीट पेटीत टाकलं आणि बाहेर पडले. पण लक्ष्मीभुवन चौकापर्यंत येता येता तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. पोरगा उद्धट नव्हता. उलट त्याचं गणित चोख होतं. ज्याची घाई आहे ते स्पीड पोस्टाने जातं, ज्याची फारच घाई आहे ते फोनवर जातं, आणि ज्याची घाईच नाही ते भेटल्यावर बोलावं. मधल्यामध्ये हे सात पानी पाकीट कशासाठी? त्याच्या खात्यालाही हल्ली असंच वाटत असावं. २०२५ साली रजिस्टर पोस्टसुद्धा स्पीड पोस्टात विलीन झालं. तार तर २०१३ सालीच बंद झाली. कार्ड तेवढं अजून पन्नास पैशांत मिळतं, ते मागितलं की खिडकीतला माणूस खालच्या खणात हात घालून बराच वेळ शोधतो.

देवरूखला माझी चुलत बहीण असते. माझ्याहून मोठी, म्हणून ताई. आम्ही दोघी नागपूरच्या महाल भागातल्या एकाच वाड्यात वाढलो. ती लग्न होऊन कोकणात गेली, मी राहिले इथेच, महालातून फक्त धरमपेठेत आले. मधली कित्येक वर्षं आमच्यात पत्र नव्हतं. फोन होते, लग्नकार्यातल्या भेटी होत्या. मग एका पावसाळ्यात तिच्याकडे वादळाने वीज गेली, टॉवरही गेला आणि दिवसचे दिवस काहीच चालू होईना. घरात बसून कंटाळलेल्या ताईने कुठल्याशा जुन्या डायरीत ठेवलेलं अंतर्देशीय पत्र काढलं आणि मला लिहिलं. त्यात बातमी अशी एकही नव्हती. पडवीत बेडूक येऊन बसतोय, जाऊबाई त्याला हाकलताहेत, तो पुन्हा येतोय, असं सगळं दोन पानं. तिसऱ्या घडीवर जागा संपली म्हणून शेवटच्या ओळी कडेने आडव्या लिहिल्या होत्या आणि वाचताना मला ते पत्र गोल फिरवावं लागलं. "तू काय करून राह्यली ते लिही" असा शेवट. कोकणात तिच्याशी असं बोलणारं कुणी नाही. तिथे ती "करतेयस", "येतेयस" म्हणते. राह्यली-बिह्यली फक्त पत्रात.

तेव्हापासून चालू आहे. नियम कुणी केले नाहीत, पण झाले. पत्र मिळालं हे फोनवर सांगायचं नाही. "उत्तर का नाही पाठवलं" असं विचारायचं नाही. फोन येतात-जातात, पण फोनवर पत्राचा विषय काढला की दोघीही जरा अवघडतो, जणू कुणी तिसरं ऐकतंय.

पोस्टमन साधारण दुपारी बाराच्या सुमाराला येतो. पत्र आलं की मी ते फ्रिजवर ठेवते आणि भांडी, ओटा, जेवणं सगळं आवरेपर्यंत त्याच्याकडे बघत बघत इकडून तिकडे जाते. हा चाळा आहे, मला कबूल आहे. मग सुरीने कडा कापून पहिलं वाचन भराभर, बातमी हुडकण्यासाठी. दुसरं चहाबरोबर. त्यानंतर पत्र टेबलाच्या खणात जातं आणि मी ते विसरते, म्हणजे वरवर विसरते. भाजी चिरताना, बर्डीवर रिक्षाची वाट पाहताना उत्तरातलं एखादं वाक्य सुचतं आणि बहुतेक वेळा घरी येईपर्यंत हरवतं. लिहायला बसते ते चार-सहा बैठकांत. वर तारीख घातलेली असते सुरुवातीची. मधेच शाई निळ्याची काळी होते. एखाद्या पानावर "आज पुन्हा बसले" असं येतं. ताई म्हणते, तुझ्या पत्रात तुझा पूर्ण पंधरवडा चालत येतो.

नागपूरच्या मे महिन्यात पत्र लिहिणं हे एक वेगळंच प्रकरण. दुपारी कूलर लावल्याशिवाय बसवत नाही, आणि कूलर लावला की कागद जागेवर राहत नाही. एका कोपऱ्यावर अडकित्ता, दुसऱ्यावर चष्म्याचं घर. खसाच्या ओल्या जाळीचा वास खोलीभर, आणि वाऱ्याच्या झोतात पेनाचं टोपण क्षणभर काढून ठेवलं की निबवरची शाई सुकते. पुन्हा झटका, पुन्हा बोटं निळी. तेच पत्र देवरूखला पोचतं तेव्हा, ताईच्या म्हणण्याप्रमाणे, उन्हात वाळवलेल्या पापडासारखं वाजतं. तिची पावसाळी पत्रं याच्या अगदी उलट. कागद मऊ पडलेला, अक्षरांच्या कडा जरा फुटलेल्या, आणि वासात थोडी चूल, थोडी ओल. तिच्याकडे जून ते सप्टेंबर कोऱ्या पाकिटांचा डिंक आपला आपणच चिकटून बसतो, म्हणून ती पाकिटं तांदळाच्या डब्यात ठेवते. एकदा पाकिटातून दोन तांदूळही आले. मी ते टाकले नाहीत आणि ठेवलेही नाहीत, कुठेतरी गेले.

खरी गंमत प्रश्नोत्तरांत आहे. श्रावणात मी विचारलेलं असतं की गुडघा कसा आहे. त्याचं उत्तर येतं गौरीगणपती झाल्यावर, आणि तेही असं, की "गुडघ्याचं कोणतं म्हणतेस ते आठवेना, पण हल्ली खांदा दुखतो." एकदा तिने जमिनीच्या एका तुकड्यावरून मुलाशी झालेल्या वादाबद्दल पोटतिडकीने लिहिलं. मी ते मनाला लावून घेतलं. तीन-चार रात्री विचार करून, दोन्ही बाजू मांडून, तिचा मान राखून आणि मुलाचीही अडचण दाखवून असं काही शहाणं पत्र लिहिलं की माझं मलाच कौतुक वाटलं. तिचं उत्तर आलं, "तुझं पत्र फार आवडलं. वाद मिटून महिना झाला, मी विसरलेच होते. पण तू इतकं छान लिहिलंस की पुन्हा एकदा भांडावंसं वाटलं." फोनवर हीच गोष्ट निघाली असती तर मी तिच्या रागात राग मिसळला असता, नाहीतर घाईघाईने समजूत घातली असती, आणि दोन्हीचा तिला उपयोग झाला नसता. पत्राचाही झालाच नाही म्हणा. पण निदान नुकसान तरी नाही.

सल्ला उशिरा पोचण्यात केवढी सोय आहे हे मला साठीनंतर कळलं.

पत्रांचा विषय निघाला की लोक लगेच डोळे मिटून "ते दिवस" म्हणायला लागतात, त्याचा मात्र मला कंटाळा येतो. ते दिवस मी पाहिले आहेत. वाड्यात ओसरीच्या खांबाला एक तार लटकलेली असायची, खाली लाकडी चकती, वर आकडा. वाचून झालेली पत्रं आजोबा त्या तारेत खोचून ठेवत. प्रत्येक पत्राच्या मधोमध भोक, आणि भोक नेमकं कुठल्या तरी शब्दावर. वाडा विकला तेव्हा ती तार माझ्याकडे आली. एक दिवस बसून सगळी पत्रं वाचली. सा.न.वि.वि., इकडील सर्व क्षेम, आणि त्यापुढे? "मनिऑर्डर पोचली. पुढील महिन्यात दहा रुपये जास्त लागतील." "वहिनींस ताप होता, आता उतार आहे." "मुलगी पसंत आहे, पत्रिका पाठवावी." "खत न मिळाल्याने पेरणी लांबली." शेवटी मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, लोभ असावा. माझ्या वडिलांनी आजोबांना लिहिलेल्या कार्डांत तर क्रियापदंसुद्धा काटकसरीने वापरलेली. जिव्हाळा नव्हता असं नाही, पण तो दाखवायला जागा नव्हती आणि बहुधा हिंमतही नव्हती, कारण कार्ड पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे वाचायचे. भोकात गेलेल्या शब्दांच्या जागी मी काहीबाही भरून पाहिलं. बहुतेक ठिकाणी "रुपये" बसत होतं.

ताईचे वडील, म्हणजे आमचे काका, रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये होते. आरएमएस. रात्रीच्या गाडीला जोडलेल्या डब्यात उभ्याने पत्रं वेगळी करायची, खणाखणांत टाकायची, आणि स्टेशन आलं की त्या गावाची थैली बांधून तयार ठेवायची. सकाळी ते घरी येत तेव्हा बोटं शाईने आणि लाखेने माखलेली असत. आम्ही पोरं त्यांची परीक्षा घ्यायचो. "काका, नरखेड?" ते डोळे मिटूनच सांगत, इटारसी लाइन, काटोलच्या पुढं. १९७२ च्या १५ ऑगस्टला पिनकोड सुरू झाला तेव्हा काकांना थोडा अपमान वाटला होता म्हणे, आपल्या डोक्यातलं सगळं सहा आकड्यांत आलं म्हणून. पण ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आहेत हे कळल्यावर ते निवळले. कवीने केलंय म्हणजे विचार करून केलं असेल, असं त्यांचं मत. ताईचा पिन ४१५ ने सुरू होतो, माझा ४४० ने. पहिला चार दोघींचा सारखा, हे तिनेच एकदा पत्रात दाखवून दिलं, मुलगी कुणाची!

काकांची आवडती गोष्ट शेगाव-सेगावची. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला आले आणि देशभरातून त्यांच्या नावाने टपाल सुरू झालं. इकडे बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव, तेही रेल्वेवरचं, तेही याच भुसावळ-नागपूर मार्गावरचं. पत्रं चुकायला लागली. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. काका तेव्हा नोकरीत असणं शक्यच नव्हतं, पण ते ही गोष्ट अशी सांगत जणू ती पत्रं त्यांनीच चुकीच्या थैलीतून काढली होती. "टपालासाठी आख्ख्या गावानं नाव बदललं, पोरींनो!" हे वाक्य ते आवाज चढवूनच म्हणायचे.

मध्यंतरी पाहुण्यांना घेऊन सेवाग्रामला गेले होते. बापूकुटीतली ती जमिनीवरची बैठक, छोटं लिहायचं डेस्क, मातीच्या भिंतींचा गारवा. उजवा हात थकला की गांधीजी डाव्या हाताने लिहीत, आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या पाठी फुकट जाऊ देत नसत, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण आश्रमात मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती टेलिफोनपाशी. व्हाइसरॉय लिनलिथगोंनी तो बसवून घेतला होता, कारण राजकारणातल्या तातडीच्या गोष्टींना पत्राची चाल परवडणारी नव्हती. एकाच आवारात, काही पावलांवर, दोन्ही. तातडीचं तिकडे आणि बाकीचं सगळं इकडे, डेस्कवर. अर्थात गांधीजींचं बाकीचं म्हणजे कुणाच्या पोटदुखीवर मातीचे लेप सुचवण्यापासून स्वातंत्र्यापर्यंत काहीही. आपलं तसं नाही.

आणि तिथेच मला वाटतं, पोस्टातल्या त्या पोराचा प्रश्न मी उलटा धरायला हवा होता. आमच्या आजोबांच्या पत्रांना सगळी कामं करावी लागत. पैसे मागायचे, मरण कळवायचं, स्थळ बघायचं, उसने फेडल्याची पोच द्यायची. दारात पोस्टमन अवेळी दिसला तर आजीचा हात आधी छातीवर जायचा. फोन आला आणि ही सगळी ओझी त्याने पत्राच्या डोक्यावरून उतरवून आपल्या डोक्यावर घेतली. आता मरण फोनवर येतं, पैसे फोनवर जातात, स्थळंही फोनवरच. पत्राला कामच उरलं नाही, आणि म्हणून बेडकाला जागा झाली. माझ्या आजीला कुणी बेडकावर दोन पानं लिहिली असती तर लिहिणाऱ्याची तब्येत बरी नाही अशी तिची खात्री झाली असती. फोन नसता तर आमचा हा पत्रव्यवहार चाललाच नसता. हे मला गैरसोयीचं वाटतं, कारण फोनला नावं ठेवायला मला आवडतं. पण आहे ते असं आहे.

तरी ही मजा पूर्ण निर्भेळ नाही. गेल्या वर्षी ताई अंगणात पडली, मनगट मोडलं. फोन आलाच, त्याच संध्याकाळी. मी भाच्याशी बोलले, तिच्याशी दोन शब्द बोलले, औषधाच्या गुंगीत तिला नीट बोलता येत नव्हतं. आणि त्यानंतर, पाच-सहा दिवसांनी, तिचं पत्र आलं. पडण्याआधी टाकलेलं. ठणठणीत अक्षर, काने ताठ, वेलांट्या मोठ्या. गच्चीवर सांडगे घातलेत, कावळे राखत बसलेय, या वयातही शिडी चढते म्हणून सूनबाई ओरडते, असलं सगळं. ते वाचताना मला विचित्र वाटलं. जे मला ठाऊक होतं ते या लिहिणारीला ठाऊक नव्हतं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, उद्या अंगणात जाऊ नकोस. मी ते पत्र तेव्हा पुरतं वाचलंच नाही, घडी करून ठेवून दिलं. पुढे काही महिने तिची पत्रं सुनेच्या अक्षरात आली, तिने सांगितलेली. मजकूर तोच, थट्टा तीच, पण वाचून झाल्यावर ते पुन्हा उघडावंसं वाटत नसे. मग एकदा पाकिटावरचा पत्ताच वाकडातिकडा, "धरमपेठ" मधला ठ अर्धा पुसलेला. आतल्या पानावर जेमतेम आठ ओळी. तेवढ्या आठ ओळींना मी चहा दोनदा केला.

आणखी एक गोष्ट अधूनमधून टोचते. तिची सगळी पत्रं माझ्या खणात आहेत, पण मी लिहिलेली एकही माझ्याकडे नाही. माझी इतक्या वर्षांची बडबड देवरूखला एका पत्र्याच्या ट्रंकेत आहे. मी काय काय लिहिलं, कुणाबद्दल काय बोलले, हे मला आता नेमकं आठवत नाही. मुलगी म्हणते, टाकण्याआधी फोटो काढून ठेवत जा. काढला नाही. फोटो काढायचा आहे हे माहीत असलं की माणूस जरा नीटनेटकं लिहितो, आणि मला नीटनेटकं लिहायचं नसतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र पत्र जातंच. मारबतीचं, म्हणजे इडापिडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते तिचं. महालातून काळी आणि पिवळी मारबत जाते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गर्दी सरकत असते, आणि यंदा बडगे, म्हणजे मारबतीबरोबरचे टीकेचे पुतळे, कुणाचे केलेत, कुणाची खरडपट्टी काढलीय, हे सगळं ताईला साग्रसंगीत हवं असतं. त्याच दुपारी तिला चार जणांचे व्हिडिओ पोचलेले असतात. "त्यात नुसता गोंगाट आहे, तू उभी कुठे होतीस ते लिही." मग मी लिहिते, की जुन्या वाड्याच्या समोरच उभी होते, म्हणजे वाडा होता त्या जागेसमोर, आता तिथे खाली दुकानं आणि वर चार मजले आहेत.

त्यावरूनच तर सध्याचा वाद पेटलाय. विहिरीच्या रहाटाशेजारी झाड कोणतं होतं? ताईचं म्हणणं जांब. माझं म्हणणं सीताफळ. तिने आलेखाच्या कागदावर आख्ख्या वाड्याचा नकाशा काढून पाठवला. ओसरी, तुळस, न्हाणी, विहीर आणि तिच्या कडेला ठसठशीत अक्षरांत "जांब". मी लाल शाईने ते खोडून सीताफळ लिहिलं, शिवाय न्हाणीचं दार चुकीच्या बाजूला दाखवलंय हेही दाखवून दिलं, आणि नकाशा परत पाठवला. तिने दार मान्य केलं, झाड नाही. वर पुरावा दिला, की त्याच झाडावरून ती पडली होती आणि सीताफळाच्या झाडावर कुणी चढतं का? हा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून मी त्याला उत्तरच दिलेलं नाही. त्याऐवजी आजी कच्ची सीताफळं तांदळाच्या कणगीत पिकत घालायची त्याचं दीड पान वर्णन केलंय. परवा त्या पोराने काट्यावर तोललं ते हेच पाकीट. आमचा थोरला दादा पुण्यात असतो, त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे आणि त्याला एक फोन केला तर दोन मिनिटांत निकाल लागेल. ताईलाही ते माहीत आहे. मागच्या पत्राखाली तिने ता.क. घातलाय: "दादाला विचारशील तर याद राख."